शक्य असल्यास

भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या अंजू तितिरमारेला लोक लहानपणापासून थोडे भिऊन असत. तिच्या जिभेला धार होती. वर्गातल्या एखादीनं निबंधात चूक केली की अंजू ती मधल्या सुटीत साऱ्यांना वाचून दाखवायची, आणि त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं की म्हणायची, "रडाले काय झालं? नीट लिव ना मंग." असं रडणाऱ्यांत गुड्डी लांजेवार पहिल्या नंबरावर होती. तरी शाळा सुटल्यावर दोघी एकाच सायकलवर डबलसीट घरी जायच्या, कारण गुड्डीला राग धरता येत नसे.

अंजूचे वडील तुलाराम वरठीला स्टेशनजवळ सायकली दुरुस्त करायचे. ड्यूटीवर जाणारे कामगार हवा भरायला थांबले की ते सांगत, "माही पोरगी वाक्यातले पंक्चर काढते." त्यांना हे फार मोठं वाटे.

भंडाऱ्याला बीएस्सी केल्यावर दोघींना एकदमच नोकरी लागली. शहापूरला महामार्गालगत टायरच्या दुकानावर 'चौकस' नावाच्या नागपूरच्या कंपनीची एक खोली होती. जिल्ह्यातल्या राईस मिल आणि शीतगृहं यांच्या बॉयलरवर, गॅसच्या टाक्यांवर कंपनीनं सेन्सर बसवले होते. कुठं दाब वाढला किंवा गॅस सुटला की शहापूरच्या खोलीतल्या पडद्यावर लाल पट्टी यायची आणि टणटण वाजायचं. त्याला अलर्ट म्हणत. ज्याच्या पडद्यावर अलर्ट येई त्यानं तो बघायचा आणि ठरवायचं: वरच्या साहेबाला कळवायचा, मिटवायचा, की काही वेळापुरता म्यूट करायचा, म्हणजे गप्प करायचा.

गुड्डीला हे काम छान जमायचं. तुमसर रस्त्यावरच्या ताराचंद शेठच्या राईस मिलमधून तर दिवसातून कितीदा अलर्ट यायचा. तिथल्या बॉयलरमध्ये भाताचा कोंडा जाळत, त्याची राख सेन्सरवर बसे आणि दाब नसताना दाब दिसे. गुड्डी लगेच म्यूट करत नसे. आधी फोन लावी.

"बाबूलाल भाऊ, गुड्डी बोलतो. बॉयलर पाहा बरं जरा."

बाबूलाल तिथला बॉयलरवाला. तो कुरकुरत उठे, घड्याळासारखा दिसणारा दाबाचा काटा बघे आणि फोनवर ओरडे, "काई नाई व बाई, राख आहे. रोजचंच."

मगच गुड्डी म्यूट करी. बाबूलालला ती कधी भेटली नव्हती, पण त्याच्या घरी मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिलाही पत्रिका आली होती.

एके दिवशी नागपूरहून निकेश बडवाईक आला. तो कंपनीत मॅनेजर होता. मूळचा तुमसरचा, अंजूहून थोडा मोठा. सगळ्यांसमोर त्यानं अंजूला बाजूला बोलावलं. कंपनी एआय एजंट आणणार होती. हा एजंट म्हणजे एक प्रोग्राम, अलर्ट आला की स्वतः वाचून, स्वतः ठरवून बटणं दाबणारा. पण कोणतं बटण कशासाठी आहे, ते केव्हा दाबायचं आणि केव्हा मुळीच दाबायचं नाही, हे त्याला कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. एजंटच्या भाषेत प्रत्येक बटण म्हणजे एक टूल. प्रत्येक टूलचं एक पान.

"तो तेवढंच जाणते जेवढं पानावर आहे," निकेश म्हणाला. "वाक्य लंगडं असलं तर तो पण लंगडाच चालन. म्हणून तू पाह्यजे मले. बाकीच्यायचं इंग्रजी तुले माहीतच आहे."

बाकीचे ऐकत होते. अंजूला ते आवडलं.

पुढचे काही आठवडे ती गुड्डीच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली. हा अलर्ट म्यूट काहून केला? हा काहून नाई केला? फोन कोणाला लावला, त्यानं काय म्हटलं म्हणजे विश्वास ठेवायचा? गुड्डी सगळं सांगायची. आपल्या कामाला इतकं कोणी विचारतं याचंच तिला कौतुक होतं. ती घरून अंजूसाठी पण डबा आणू लागली. अंजू डबा खायची आणि मध्येच म्हणायची, "'अंदाजानं' म्हणू नको. अंदाजानं म्हणजे काय? मले कारण सांग."

पानं उत्तम झाली. म्यूटच्या पानावर तिनं लिहिलं होतं: ज्या सेन्सरचा खोटा अलर्ट नेहमीचा आहे तोच म्यूट करावा, आणि त्याआधी जागेवरच्या माणसाला फोन करून, त्यानं प्रत्यक्ष बघितलं आहे असं त्याच्या तोंडून ऐकावं. ऐकल्याशिवाय म्यूट करू नये.

चाचणीत एजंट त्या वाक्याशी अडला. बाबूलालसारखी माणसं मिलच्या आवाजात फोन उचलत नव्हती. गुड्डी चारदा लावायची, शिवी घालायची, मग शेजारी पोती तोलणाऱ्या वजनकाट्यावरच्या माणसाला फोन करून त्याला पळवायची. एजंट नुसता थांबून राही आणि त्याच्यामागे लाल पट्ट्यांची रांग लागे. ग्राहकांना दाखवायचा दिवस जवळ आला होता.

निकेशनं फोन केला. "ते फोनचं वाक्य काढून टाक."

"काढलं तर तो कोणाले विचारणारच नाई, सर."

"मंग नको विचारू दे. नव्वद टक्के अलर्ट खोटेच असतात ना? तूच लिवलं."

"अन् बाकीचे?"

"अंजू, नागपूरची जागा मी तुह्यासाठी धरून ठेवली आहे. बाकीच्या पोरायसाठी नाई धरली. पान तुहं आहे. तुह्याच लॉगिननं कर."

 वाक्य काढणं तिच्या जिवावर आलं. मग तिनं ते ठेवलं आणि त्याच्या सुरुवातीला दोन शब्द घातले: शक्य असल्यास. शेवटचं 'ऐकल्याशिवाय म्यूट करू नये' पुसून टाकलं. दुसऱ्या कुणाच्या लिखाणात हे दोन शब्द दिसले असते तर तिनं ते वाचून दाखवून त्याचं हसं केलं असतं.

एजंट सुरळीत चालू लागला. ग्राहकांनी टाळ्या वाजवल्या. निकेश पेढे घेऊन शहापूरला आला आणि पेढे वाटून झाल्यावर त्यानं खोली बंद होत असल्याचं सांगितलं. सगळ्यांना महिनाभराचा अवधी होता. अंजूची बदली नागपूरला.

गुड्डीच्या हातात अर्धा पेढा तसाच राहिला.

"म्हणजे मी तुले सांगत होतो ते तू त्याले सांगत होती," ती अंजूला म्हणाली.

"मले काय माहीत होतं खोली बंद करतीन म्हणून?"

"तुले नव्हतं माहीत?" गुड्डीनं विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं.

अंजूला माहीत होतं; नागपूरला तिची एकटीचीच जागा धरली म्हणजे इथली खोली जाणार, हे तिला तेव्हाच कळलं होतं. ती म्हणाली, "तू दुसरं काई शीक ना. जगभर माणसं शिकून राहिले." मग पिशवी उचलून ती खाली उतरली.

गुड्डीला दुसरं काम शोधायला फार हिंडावं लागलं नाही. तिनं बाबूलालला निरोपाचा फोन केला तर तो म्हणाला, "अव, तू तं आमच्याच मिलची बाई होस! वजनकाट्यावर माणूस पाह्यजेच आहे. ये." ती मिलमध्ये धानाची पोती मोजून देण्याच्या कामाला लागली. पहिल्याच दिवशी बाबूलालनं तिला बॉयलर दाखवला. "हाच तो. याच्यापायीच रोज माह्या जिवाले खात होती तू."

आता त्याला फोन येत नव्हते. एजंट त्या सेन्सरला ओळखून होता: खोट्याची जुनी सवय, शंभरदा म्यूट केलेला. माणसाला विचारणं शक्य असल्यास विचारायचं होतं; इथं माणूस फोन उचलत नाही अशी चाचणीची नोंद त्याच्यापुढे होती. तो म्यूट करी आणि पुढं जाई. फोन आला की बाबूलाल उठून काटा बघायचा. फोन थांबले तसं त्याचं उठणंही थांबलं.

धानाचा हंगाम होता. दुपारी जेवणाच्या सुटीत बाबूलाल मागं कोंड्याच्या ढिगाकडे गेला असताना दाब वाढू लागला. या वेळी राख नव्हती. अलर्ट आला, एजंटनं म्यूट केला. म्यूटची मुदत संपली, परत आला, परत केला. गुड्डी डबा धुवायला नळाकडे चालली होती. नळ वाफेच्या पाइपाखालीच होता. पाइपाचा सांधा सुटला.

बाबूलालनं तिला पोतं टाकून बाहेर ओढलं. उजवा हात, मान, चेहऱ्याची उजवी बाजू. त्या बाजूचा डोळा.

नागपूरच्या दवाखान्यात अंजू तिसऱ्या दिवशी गेली. तिचं ऑफिस तिथून रिक्षानं दहा मिनिटांवर होतं. आधी का गेली नाही हे तिला कुणी विचारलं नाही. गुड्डीची आई सुशीलाबाई दाराशी बसली होती. उठून त्यांनी अंजूचा दंड धरला आणि तिला काचेपाशी नेऊन उभं केलं.

"पाहून घे," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "चांगली पाहून घे. तुले लिवाले कामी पडन."

अंजू मान वळवायला लागली तेव्हा त्यांनी तिची हनुवटी धरून परत काचेकडे केली. अंजूनं पाहिलं. किती वेळ, ते सुशीलाबाईंनी ठरवलं.

सरकारी चौकशी झाली. कंपनीच्या बैठकीत मोठ्या पडद्यावर म्यूटचं पान लावलं होतं. कोणत्या तारखेला कोणी काय बदललं ते बाजूला दिसत होतं, आणि 'शक्य असल्यास' पुढे अंजूचं नाव होतं.

"तुम्हीच काढा म्हणाले होते, सर," ती निकेशला म्हणाली.

"मी वाक्य काढ म्हटलं होतं," निकेश साऱ्यांकडे बघत म्हणाला. "अन् तिनं काढलं पण नाही. ठेवलं. 'शक्य असल्यास' म्हणजे करायचंच असतं, असंच कोणीपण समजन. एजंटला ते कळलं नाही, तर लिहिण्यात खोट आहे."

अहवालात 'लेखनातील संदिग्धता' असं कारण आलं. संदिग्ध हा शब्द आजवर तिनं दुसऱ्यांसाठीच वापरला होता. तिला वाटलं आता काढून टाकतील. बैठकीनंतर जिन्यात निकेश म्हणाला, "तुले काढलं तं दुरुस्त कोण करन? बस. नीट लिव आता."

घरी आल्यावर तुलारामनं विचारलं, "तुहं नाव आलं म्हणते पेपरात?"

"नाव नाई, बाबा. 'लेखिका' म्हणून आलं."

 त्यानंतर दुकानावर त्यांनी पोरीचं काही सांगणं बंद केलं. कोणी विचारलंच तर म्हणत, "नागपूरले आहे," आणि पंप मारू लागत.

नवा नियम आला: कुठलाही अलर्ट म्यूट करण्याआधी माणसाचा होकार हवाच. मिलवाल्यांना दिवसभर फोन नको होते. तेव्हा निकेशला तोड सुचली. मिलमध्ये कॅमेरे बसवायचे. आणि घरबसल्या ते बघून एजंटला हो किंवा नाही सांगणारं एक माणूस ठेवायचं. ते माणूस म्हणून त्यानं गुड्डीला निवडलं. तिला अलर्ट कळत होते, तिचा एक डोळा चांगला होता, आणि केस न करण्याच्या बोलीवर ही नोकरी द्यायला ताराचंद शेठही तयार होते. गुड्डीनं डाव्या हातानं सही केली, साक्षीला सुशीलाबाईंनी. दवाखान्याच्या खेपा अजून बाकी होत्या.

एजंटला आता गुड्डी वापरता यायला हवी होती. त्यासाठी तिचं पान लिहायला हवं होतं.

अंजू सकाळीच शहापूरला गुड्डीच्या घरी गेली. गुड्डी पलंगावर उशीला टेकून बसली होती, मांडीवर कंपनीचा टॅब. उजव्या हाताची बोटं कातडी आखडून आत वळली होती. सुशीलाबाई दाराच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसल्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"विचार," गुड्डी म्हणाली.

अंजूनं लॅपटॉप उघडला. "फोन आला का उचलाले किती वेळ लागते?"

"डाव्या हातानं उचलतो. हात कुठी आहे त्याच्यावर आहे."

"मले एक आकडा पाह्यजे, गुड्डी."

"मंग घड्याळ लाव अन् पाह्य." गुड्डीनं हात उशीखाली घातला, काढला, टॅबपर्यंत नेला. अंजूनं खरंच वेळ पाहिली आणि लिहिली.

"कोणत्या वेळी उपलब्ध नाई?"

"ड्रेसिंगच्या वेळी. चांगल्या डोळ्यात पण औषध टाकतो, मंग थोडा वेळ दिसत नाई. गोळी घेतली का झोप येते." तिनं लॅपटॉपकडे पाहिलं. "लिवलं? 'झोप येते' लिवलं का 'शक्य असल्यास जागी राहते' लिवलं?"

अंजूनं ओळ परत पाहिली. "झोप येते लिवलं."

"नाव काय ठेवलं माह्या टूलचं?"

"पुष्टी."

"गुड्डी ठेव ना."

"नाव ठेवता येत नाई माणसाचं. नियम आहे. उद्या दुसरं कोणी आलं तं पान बदलावं लागन."

उंबऱ्यावर सुपाचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला.

शेवटचा प्रश्न होता: फोन उचलला नाही तर? नागपूरहून निघताना निकेशनं तिला बजावलं होतं की, दोनदा न उचलल्यास एजंटनं जुन्या अंदाजानं ठरवावं, असं लिही. अंजूनं ते लिहिलं नाही. तिनं लिहिलं: उत्तर न आल्यास अलर्ट खरा धरावा, बॉयलर बंद करावा, भोंगा वाजवून माणसं बाहेर काढावीत. यास अपवाद नाही. तिनं ते गुड्डीला मराठी करून सांगितलं. तिच्या मनात होतं, गुड्डी काहीतरी बोलेल.

"लाव त्याले. पाहू," गुड्डी म्हणाली.

चाचणीचा अलर्ट सोडला. टॅब वाजला. गुड्डीनं हात हलवला नाही. ती उरलेल्या डोळ्यानं अंजूकडे बघत राहिली. टॅब वाजून थांबला, परत वाजला.

"उचल ना गुड्डी. मिल चालू आहे तठी."

परत थांबला. टॅबवरच्या चित्रात मिलचा भोंगा दिसत होता, ऐकू येत नव्हता. पोती टाकून माणसं फाटकाकडे धावली. एक म्हातारी हमालीण पडली, उठली, पुन्हा धावली. बाबूलाल सगळ्यांत शेवटी, मागे वळून बघत.

"चालते तुहं वाक्य," गुड्डी म्हणाली. "आता जाय."

ते वाक्य निकेशला बदलता आलं नाही. चौकशीच्या अधिकाऱ्यांनी तेच आधी वाचलं आणि मंजूर केलं, सगळ्या मिलमध्ये हेच लावा म्हणाले. अंजूनं आयुष्यात एकदा कुणाचं न ऐकता लिहिलेलं वाक्य पक्कं झालं. आणि त्याच्यापायी मिल बंद पडू लागली. गुड्डी रुसून बसत नव्हती. त्या एका सकाळनंतर तिनं मुद्दाम फोन टाळला नाही. पण डोळ्यात औषध असायचं, गोळीची झोप असायची, हाताच्या ऑपरेशननंतर कातडी ओढून यायची. फोन वाजून जायचा आणि तिकडे बॉयलर विझायचा. उकड्या तांदळासाठी कढत पाण्यात घातलेलं धान अर्धवट राहून आंबायचं. ताराचंद शेठ निकेशवर ओरडू लागले.

वाक्य हलत नव्हतं. म्हणून माणूस हलवलं. रायपूरकडची एक कंपनी बारा-बारा तासांच्या पाळीनं होकार देणारी पोरं पुरवत होती. निकेशनं अंजूला गुड्डीचं पान बंद करायला सांगितलं.

"तिची सही झाली आहे, सर. नोकरीच्या बोलीवर केस सोडली त्यायनं."

"बोलीत 'काम समाधानकारक असेपर्यंत' आहे. वाचलं नाई तू?"

तिनं वाचलं नव्हतं. ते कागद तिनं लिहिले नव्हते.

तिनं पान उघडलं आणि सगळ्यात वर एक ओळ घातली: हे टूल बंद करण्यात आले आहे, वापरू नये. ओळ स्वच्छ होती, दोन अर्थ निघत नव्हते. एजंटनं त्या क्षणापासून गुड्डीला फोन करणं सोडलं. गुड्डीला मात्र कुणी कळवलं नाही. ते काम अंजूचं नव्हतं, आणि ज्यांचं होतं त्यांनी ते अंजूचं आहे असं धरलं. गुड्डी दोन दिवस टॅब मांडीवर घेऊन बसली. टॅब बिघडला असेल म्हणून तिनं सुशीलाबाईंना तो महामार्गावरच्या मोबाइलच्या दुकानात न्यायला लावला. दुकानदारानं पाहून सांगितलं, टॅब चांगला आहे.

सुशीलाबाई तिथूनच अंजूला फोनवर फोन लावत राहिल्या. अंजूनं नाव पाहिलं आणि फोन उलटा ठेवला.

आता ती नागपूरला आठ जणांच्या गटाची प्रमुख आहे. नव्या पोरांना ती पानं लिहायला शिकवते, आणि ढिसाळ वाक्य दिसलं की सगळ्यांसमोर वाचून दाखवते. दिवाळीला घरी गेली तेव्हा गुड्डी रस्त्यापलीकडे पिठाच्या गिरणीपाशी उभी होती, पदर उजव्या बाजूनं ओढलेला. अंजूनं हाक मारली नाही. गुड्डीनं डबा डाव्या हातावर घेतला आणि गिरणीवाल्याला म्हणाली, "बारीक दळ जरा, भाऊ. आईले दात नाईत."